गावाचं, नदीचं नाव मुलीला ठेवावं का? रविवारी बारसं आहे

भीमाकाठ
भावाला मुलगी झाली. येत्या रविवारी बारसं. आत्या म्हणून कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचा मान माझा, पण नावावर घरात एकमत नाही. आजी म्हणते काशी ठेवा, तिच्या सासूचं नाव. भावानं सिएना काढलंय, इटलीतलं शहर. मला भीमा हवंय.

जागेचं नाव मुलीला देण्यात नवीन काही नाही. अयोध्या, मथुरा, माया, काशी, कांची, अवंतिका, द्वारका या सातही मोक्षपुऱ्या आपल्याकडे बायकांची नावं म्हणून चालत आल्यात. वैशाली तर एकेका वर्गात दोन-दोन असायच्या, आणि ते बिहारमधल्या लिच्छवींच्या नगरीचं नाव आहे हे त्यातल्या कितीजणींना ठाऊक होतं?

माझं म्हणणं एवढंच की नाव जागेचंच द्यायचं तर जिथं आपले पाय लागलेत त्या जागेचं द्या. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमाच. उजनीचं पाणी तिचंच. हत्तरसंग कुडलला सीना तिला मिळते. तिथं संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. पोरीला तिथं नेऊन ‘ही बघ, तुझं नाव’ असं दाखवता येईल. काशी आमच्यातल्या कुणी पाहिलेली नाही, आणि सिएना कुणी पाहणारही नाही.

उत्तर कसबा
माझा पूर्ण विरोध. आधी हे बघा की बाईला जागेच्या नावानं कोण ओळखत आलंय. कोसलची ती कौसल्या, केकयची ती कैकेयी, गांधारची गांधारी, मद्रची माद्री. एवढ्या मोठ्या राण्या, पण आई-बापांनी लाडानं काय हाक मारली असेल ते कुणी लिहून ठेवलं नाही. बापाचं राज्य हीच ओळख. पृथेसारख्या एखादीचं जन्मनाव टिकलं, तरी लोक तिला कुंतीच म्हणतात, म्हणजे पुन्हा कुंतिभोजाचीच.

आणि लांब कशाला जाता? आमच्या वाड्यात ‘बार्शीची काकू’ होती. पोळ्या लाटायला ती, आजारपणात उशाशी ती, दिवाळीची भाजणी दळून आणायला ती. सगळं घर तिला बार्शीची म्हणूनच हाक मारायचं. तिचं खरं नाव मला ती गेल्यावर घरासमोर लागलेल्या फ्लेक्सवर वाचायला मिळालं. तेव्हापासून ठरवलंय, मुलीला नाव द्यायचं ते फक्त तिचं असलं पाहिजे. नदीचं नको, गावाचं नको.

साखर पेठ
पोरींनाच जागेची नावं देतात असं नाही ओ. आमच्या गल्लीत या, हाकेसरशी दोन-तीन यादगिरी बाहेर येतील, एखादा तिरुपती पण असेल. पलीकडच्या पेठेत श्रीशैल. यादगिरीगुट्टा, तिरुपती, श्रीशैलम ही सगळी गावंच की! श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या ओढीनं निघालेल्या सिद्धरामेश्वरांनी पुढं आपल्या सोलापुरात अडुसष्ट लिंगं स्थापली, म्हणून ते नाव इथल्या घराघरात आहे. त्या नावानं कुणा पोराची ओळख पुसली गेली नाही. काकूच्या बाबतीत चूक हाक मारणाऱ्यांची होती, बार्शीची नव्हती.

जुळे सोलापूर
मी भावाच्या बाजूनं. पोरगी उद्या पुण्याला शिकेल, पुढं कुठल्या देशात जाईल काय सांगावं? भीमाबाई म्हटलं की आपल्या पिढीलाही नऊवारीतली आजीच डोळ्यासमोर येते, मग तिच्या वर्गातली पोरं काय म्हणतील? सिएना उच्चाराला सोपं आहे, तिथल्या मातीवरून एका रंगालाही तेच नाव पडलंय. फ्लोरेन्स नाइटिंगेलचं नावही इटलीतल्या शहरावरूनच ठेवलेलं. तिचं त्यात काही बिघडलं का?

भीमाकाठ
@जुळे सोलापूर, फ्लोरेन्स १८२० साली त्याच शहरात जन्मली म्हणून ते नाव. तिची थोरली बहीण नेपल्सला झाली, तर तिला नेपल्सचं जुनं ग्रीक नाव दिलं, पार्थेनोपी. त्या आई-बापांनी माझ्यासारखाच विचार केला, पोरगी जिथली त्या जागेचं नाव. आमची पोरगी सोलापुरात झालीय. आणि भीमाबाई हे बाबासाहेबांच्या आईचं नाव. पोरीनं ते अभिमानानं सांगावं असंच आहे.

@उत्तर कसबा, काकूबद्दल वाचून वाईट वाटलं. पण माझ्या मते ते आणि हे वेगळं आहे. सोलापूरकर, बार्शीकर, मंगळवेढेकर अशी आडनावं लावून पुरुष पिढ्यान् पिढ्या गाव जपतात. पोरीचं आडनाव लग्नात बदलतं, काही घरांत अजून ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहून पहिलंही बदलतात. पाळण्यातल्या नावात तिला तिचं गाव मिळालं तर ते तिचं स्वतःचं राहील.

पार्क चौक
एक अडचण कुणीच मांडली नाही. जागेच्या नावावरून लोक जात काढतात. श्रीशैल म्हटलं की एक समाज, सांची-लुंबिनी म्हटलं की दुसरा. भाड्यानं खोली बघायला गेलं की आधी नाव विचारतात, मग खोली ‘कालच गेली’ असते. मी माझ्या मुलीचं नाव मुद्दाम असं ठेवलं की कुणाला काही ओळखता येऊ नये. दुसऱ्यांनीही तेच करावं असं मला मनापासून वाटतं.

मिलिंदनगर
@पार्क चौक, माझ्या मुलीचं नाव सांची आहे. खोली नाकारणाऱ्याचा दोष माझ्या पोरीच्या नावानं का झाकायचा? आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांची नावं लोकांनी ठेवली होती, दगडी, धोंडी अशी. १९५६ च्या दीक्षेनंतर आमच्या घरात नाव निवडण्याचा हक्क आला आणि आम्ही वैशाली निवडलं, श्रावस्ती निवडलं, सांची निवडलं. ती सात-आठ वर्षांची झाल्यावर तिला स्तूप दाखवायला नेलं. तोरणावरचे हत्ती, झाडं, माणसं एकेक बोट ठेवून बघत होती. तिथल्या पाटीवर आपलं नाव दिसल्यावर कितीतरी वेळ हलेना. लपवायचं नाव मी तिला कधीच दिलं नसतं.

पार्क चौक
तुमचा अभिमान कळतो, मान्यही आहे. पण त्याची किंमत पोरगी मोजते, आपण नाही. या मुद्द्यावर माझं मत बदलणार नाही.

साखर पेठ
आपल्याच गावचं उदाहरण सांगतो. भैया चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले. १९४२ मध्ये त्यांना तिकडं मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. त्यात ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. बापाच्या नावात द्वारका, पोराच्या नावात दोन देश. आई आणि बाप, दोघांचीही माती एका नावात आली.

उत्तर कसबा
@साखर पेठ, तुमच्या शेवटच्या वाक्यावरूनच @भीमाकाठ यांना विचारते. तुमच्या यादीत आजी आहे, भाऊ आहे, तुम्ही आहात. बाळंतीण कुठंय? काशी सासरचं, भीमा सासरची, सिएना नवऱ्याचं. तुम्ही म्हणता पोरीला तिचं गाव मिळावं. आईचं गाव तिचं नाही का?

भीमाकाठ
काल रात्री वहिनीला विचारलं. तिचं माहेर अकलूज. म्हणाली, ‘मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. नीरा ठेवलं तर?’ अकलूज नीरेकाठचं, आणि नरसिंहपूरला नीरा भीमेलाच मिळते. भाऊ तयार आहे, आजी अजून फुगून बसलीय. पाळण्यात नीराच सांगणार.

उत्तर कसबा
नदीच्या नावाला माझा विरोध आहे तसाच आहे. पण नाव आईनं निवडलंय, तेव्हा बारशाला बोलवा, घुगऱ्या खायला येते.