कुत्रं दत्तक घ्यायला गेलो, तर आमचीच मुलाखत! असंच असतं का?

विश्रामबागकर ताई
आम्ही सांगलीत विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या घरात राहतो. मुलीला कुत्रं हवंय. विकतचं नको, गावठीच आणू म्हणून रविवारी मिरजेच्या पुढं एका निवारा केंद्रावर गेलो. फोनवर वेळ घेऊन गेलो होतो, तरी फाटकाबाहेर उन्हात ताटकळलो. मग एक मुलगा आला आणि थेट फॉर्म हातात. घर स्वतःचं का? मालकाचं पत्र आणलंय? दिवसभर घरी कोण? गावाला गेलात तर कुत्र्याचं काय? सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुला बघायला आलो तेव्हा आम्हीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती." तो हसलासुद्धा नाही. कुत्री दाखवा म्हटलं तर म्हणे, असं दाखवत नाही, कळवतो. मुलगी रडत घरी आली. आता फोनही उचलत नाहीत. परत जावं का?

कुपवाडचा बाळू
ताई, आमच्या गल्लीत या. पाहिजे तेवढी पिल्लं हायत. फॉर्म नाही, काही नाही. वर चहा पाजतो.

रविवारचा स्वयंसेवक
मी अशाच एका केंद्रावर (तुमचं ते नव्हे) पिंजरे धुवायला जातो. प्रश्नांचं वाईट वाटून घेऊ नका. पिल्लू मोठं होतं, चपला फाडायला लागतं, घरमालक कुरकुरतो, आणि मग लोक रात्रीत आमच्या फाटकाला बांधून पसार होतात. सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, तशा ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या सूचना आहेत. पण भाडेकरारातली अट ही वेगळी भानगड, म्हणून ते पत्र.

पिल्लांजवळ जाऊ देत नाहीत ते पार्वोमुळं, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या रोगामुळं. तो विषाणू चपलेला चिकटून येतो, जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही, ब्लीचच लागतं. पण लस झालेली मोठी कुत्री दाखवायला काय हरकत होती? न बघता कोण कुत्रं नेईल? आणि फोन न उचलणं हा निव्वळ माज. माणसं कमी आहेत, मान्य. रात्री एक मेसेज टाकायला किती माणसं लागतात?

परत जाच, पण रविवारी नको, गर्दी असते. पत्र घेऊन जा आणि तुम्हीही विचारा. लसीकरणाचं कार्ड बघा, रेबीजच्या तारखेशेजारी लसीच्या बाटलीचं स्टिकर आहे का ते बघा. कानाला खाच दिसली तर घाबरू नका, नसबंदीची खूण असते ती. माझं ऐकाल तर दीड-दोन वर्षांचं शांत कुत्रं घ्या. पिल्लू रात्रभर केकाटतं. दर दोन तासांनी दुसऱ्या मजल्यावरून खाली कोण नेणार, सासूबाई?

बाळूशेठ, आठ आठवड्यांच्या आत आईपासून पिल्लू तोडू नका बरं का.

विश्रामबागकर ताई
मालक पत्र देतायत. अट एकच, कुत्रं गच्चीवर न्यायचं नाही, तिथं पापड वाळत असतात. बुधवारी जाते. कार्डावर स्टिकर नसेल, नुसती पेनानं तारीख असेल तर?

रविवारचा स्वयंसेवक
खाली डॉक्टरांचा सही-शिक्का असेल तर त्यांनाच फोन लावा. तोही नसेल तर लस झालीच नाही असं धरा आणि घरी नेण्याआधी नव्यानं टोचून घ्या.