किटली की एकेक कप? घरच्या चहाच्या रीती, मापांसकट (अनुभव धागा)

रंकाळवेस
कोल्हापुरात घरचा चहा म्हणजे पातेलं, उकळी, गाळणं आणि म्हशीचं दूध. किटली असते, पण कपाटाच्या काचेआड, लग्नात आलेल्या सेटबरोबर. हल्ली घरात माणसं कमी, प्रत्येकाची वेळ वेगळी, एकाला साखर चालत नाही, दुसऱ्याला दूध. त्यामुळे किटली भरून ठेवावी की ज्याचा त्यानं एकेक कप करून घ्यावा, हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. ज्यांचा हात बसलाय त्यांनी लिहावं. किती मिली पाणी, किती ग्रॅम पूड, किती मिनिटं, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच. आजीच्या हातच्या चहाच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

सगळ्यांची मापं जुळावीत म्हणून कप १५० मिलीचा धरू. सपाट चहाचा चमचा बारीक दाण्याच्या सीटीसी पुडीचा भरला तर अडीच-तीन ग्रॅम, आणि लांब पानाचा भरला तर दीड-दोन ग्रॅमच. चमच्यानं मोजणाऱ्यांचं निम्मं इथंच चुकतं.

कोरा बिनसाखरेचा
किटली पानाच्या चहासाठी आहे, हे आधी मान्य करू. सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेला दाणा, १९३० च्या दशकात आसामात निघाला. किटलीची रीत त्याच्या कितीतरी आधीची. ती अख्ख्या, हळूहळू उलगडणाऱ्या पानाच्या हिशेबानं बसलेली आहे.

६०० मिलीच्या चिनीमातीच्या किटलीला दार्जिलिंगचं पान ८ ते ९ ग्रॅम. पहिल्या बहराचं, म्हणजे वर्षातल्या पहिल्या तोडणीचं असेल तर पाणी ९० अंशांच्या आसपास, साडेतीन मिनिटं. दुसऱ्या बहराचं असेल तर ९५ अंश, चार मिनिटं. आसाम किंवा निलगिरीचं ऑर्थोडॉक्स, म्हणजे न चिरडता वळवलेलं पान थेट उकळत्या पाण्यात, चार ते पाच मिनिटं. ग्रीन टी ७५ ते ८० अंश, दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर असल्यानं आपल्याकडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पुस्तकातले १०० अंश शोधत बसू नका. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका गार भांड्यात ओता, आठ-दहा अंश तिथंच उतरतात.

किटली आधी गरम करणं हा साहेबी नखरा वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. अर्ध्या किलोच्या गार किटलीत ६०० मिली उकळतं पाणी ओतलं की ते सुमारे दहा अंशांनी उतरतं. आता एका कपाचं बघा. ३०० ग्रॅमचा जाड मग आणि आत फक्त १५० मिली पाणी. इथं जवळपास वीस अंश जातात. म्हणजे भांडं तापवून घ्यायची गरज किटलीपेक्षा एकेका कपाला जास्त आहे, आणि नेमकं तिथंच कुणी ते करत नाही. मगात पिशवी घालून केलेला चहा पांचट का लागतो, त्याचं निम्मं कारण हे. उकळतं पाणी मगात ओता, अर्धं मिनिट फिरवा, फेका, मग चहा करा. वर बशी उपडी झाका. उघड्या मगातलं पाणी पाच मिनिटांत सहज दहा अंश निवतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ झाली की पान पाण्यातून बाहेर. आत काढता येणारी जाळीची टोपली असलेली किटली घ्या. ती नसेल तर दुसरी तापवलेली किटली ठेवा आणि सगळा चहा तिच्यात गाळून घ्या. पहिला कप फिका, तिसरा कडू आणि टिकोझी (किटलीवर घालायची उबदार टोपी) घातल्यामुळे आणखीच कडू, हा प्रकार पान आत ठेवल्यानं होतो. यात टिकोझीचा दोष नाही.

पातेलंवाली
कोरा, तुमचा चहा तुम्हाला लखलाभ. इथं दुधाचं बोलते.

एका कपाचा उकळीचा चहा बिघडतो तो वाफेमुळं. मध्यम आचेवर छोट्या बर्नरवर मिनिटाला आठ-दहा मिली उडतं. ही वाफ आचेवर ठरते, कपांच्या संख्येवर नाही. एक कप असो वा सहा, चार मिनिटांच्या उकळीत उडतं तेवढंच. म्हणून एका कपाच्या मापाला सहानं गुणलं की चहा पाणचट होतो, आणि सहाच्या मापाला सहानं भागलं की एक कप पुरत नाही.

एक कप: पाणी ११० मिली, म्हशीचं दूध ८० मिली, पूड ३ ग्रॅम. सहा कप: पाणी ५६०, दूध ४५०, पूड १५ ग्रॅम. १८ नाही, कारण सहा कपांना उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ पूड आत शिजत असते. चोथा स्वतःच्या वजनाच्या तीन-चारपट पाणी धरून बसतो, तेही यात धरलंय.

क्रम: पाण्यात ठेचलेलं आलं घालून दोन मिनिटं उकळवा. आलं दुधात कच्चं घालू नका. त्यात दुधाची प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्यानं दूध फाटतं. उकळीत ते निकामी होतं. मग साखर, पूड, एक मिनिट. मग दूध, आणि दूध कोमट हवं. फ्रीजमधलं ८० मिली दूध ११० मिली पाण्यात पडलं की उकळी पार बसते, ती परत येईपर्यंत पूड मुरत राहते आणि चहा तुरट होतो. वर आला की आच कमी, दोनदा वर येऊ द्या, बंद. एक मिनिट झाकण, मग गाळा.

पातेलं अरुंद आणि उंच घ्या. आतून १० ते १२ सेंटिमीटर पुरे. पसरट भांड्यात एका कपाचा थर बोटभरही होत नाही, कडेला दूध करपतं.

शाहूपुरी पाचवी गल्ली
सीटीसी किटलीत चालतच नाही असं नाही. दुधाचा उकळीचा चहा किटलीत भरू नये, एवढंच. सहा टक्के फॅटच्या दुधाची साय दहा मिनिटांत वर धरते, ओतताना तोटीच्या जाळीत अडकते आणि आत चिकटून वास धरते. किटलीत फक्त कोरा अर्क करा, दूध वेगळ्या भांड्यात गरम.

६०० मिली उकळतं पाणी, १२ ग्रॅम सीटीसी, तीन मिनिटं, लगेच गाळा. कपात दोन भाग अर्क, एक भाग दाट गरम दूध. ‘माणशी एक चमचा आणि वर एक किटलीचा’ हा इंग्रजी हिशेब पानाचा आहे. सीटीसीला लावला तर जीभ आखडते. चोखंदळांसाठी सांगतो, चहा चाखून तुलना करण्याचं आयएसओ ३१०३ हे प्रमाण १०० मिलीला २ ग्रॅम आणि सहा मिनिटं सांगतं. ते दोष उघडे पाडायला आहे, प्यायच्या चवीसाठी नव्हे.

डस्ट, म्हणजे चहाची सगळ्यात बारीक भुकटी, मात्र किटलीत टाकूच नका. तोटीच्या मुळाशी जी पाच-सात भोकं असतात ती बुजतात.

यष्टीस्टँड
मला एकच सांगायचंय. किटली घेताना लोक नक्षी बघत्यात, तोटी कुणी बघत नाय. दुकानात पाणी मागा आणि ओतून बघा. तोटीचं तोंड किटलीच्या काठापेक्षा खाली असलं तर ती पूर्ण भरताच येत नाय, आधी तोटीतनं सांडती. तोटीची कड धारदार पायजे. गोल जाड कड असली की धार मागं वळून किटलीच्या पोटावरनं खाली टेबलक्लॉथवर. हळू ओतलं की जास्त, जोरात ओतलं की कमी. या चिकटण्याला शास्त्रज्ञांनी १९५६ साली ‘टीपॉट इफेक्ट’ असं नाव दिलंय, म्हंजे तरास काय फक्त आपल्याच घरात नाय. उपाय: तोटीच्या ओठाला खालनं बोटभर लोणी चोळा. पाणी तिथं चिकटत नाय.

आणि झाकणाचं बारकं भोक बुजवू नका भावांनो. त्यातनं हवा आत गेली तरच धार सरळ पडती, नायतर गचके खात पडती.

गुऱ्हाळाकडची
गुळाच्या चहाबद्दल कुणीच लिहिलं नाही? कोल्हापुरात?

गूळ थोडा आंबट असतो, जुना झाला की जास्तच. उकळत्या दुधात पडला की चहा फाटतो. पातेल्यात करायचा तर गॅस बंद करून, उकळी पूर्ण बसल्यावर किसलेला गूळ घालून ढवळा आणि परत गॅसवर ठेवू नका. तरीही भरवसा नसतो, रव्यागणिक, म्हणजे गुळाच्या ढेपेगणिक फरक पडतो. एक किलोचा नवा रवा फोडला की आधी दोन चमचे गरम दुधात चिमूटभर घालून बघा. फाटलं तर तो रवा पोळ्यांना.

खात्रीचा मार्ग किटलीचाच आहे. गूळ कोऱ्या अर्कात विरघळवा, दूध वेगळं गरम करा, उकळतं नको, आणि कपात शेवटी एकत्र करा. मधुमेही माणूस घरात असेल तर तसंही किटलीत काही गोड घालायचंच नाही. प्रमाण साखरेच्या सव्वापट, कारण गुळात साखरेखेरीज ओलावा आणि बाकीचंही असतं. फाटू नये म्हणून काही जण चिमूटभर सोडा टाकतात. त्यानं चहा काळपट आणि बेचव होतो. पांढरट पिवळा गूळ बघून भुलू नका. चहाला गडद तपकिरीच चांगला, त्याला स्वतःची चव असते.

बोअरचं पाणी
कोऱ्या चहावर तेलकट तवंग येतो, कपाला तपकिरी कडं बसतं. पूड भेसळीची आहे असं म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. बहुतेक वेळा ते पाणी असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट आणि हवेतला ऑक्सिजन मिळून चहातल्या द्रव्यांचा हा थर करतात. नळाच्या पाण्याचा आणि बोअरच्या पाण्याचा चहा शेजारी शेजारी करून ठेवा, पाच मिनिटांत फरक दिसतो. लिंबाचे चार थेंब टाकले की तवंग जातो. आरओचं अगदी शून्याकडं गेलेलं पाणीही चहाला वाईट, चव उथळ लागते. थोडं नळाचं मिसळा.

धुण्याचं: तपकिरी डाग आणि पांढरा थर हे दोन वेगळे रोग आहेत. तपकिरीला खायचा सोडा, अर्ध्या लिटर गरम पाण्यात मोठा चमचा, तासभर. पांढऱ्याला लिंबूफूल, तेवढ्याच पाण्यात एक चमचा, अर्धा तास. दोन्ही एकदम घातले तर नुसता फेस होतो आणि दोघांचाही उपयोग जातो. तोटीला बाटली धुवायचा बारीक ब्रश. तारेची घासणी नको, चरे पडतात आणि डाग तिथंच धरतो.

उजळाईवाडी
विजेचं. १५०० वॉटच्या इलेक्ट्रिक केटलीत २०० मिली पाणी पाऊण ते एक मिनिटात उकळतं, लिटरभराला साडेतीन-चार मिनिटं. एका युनिटात ढोबळमानानं दहा-अकरा लिटर. म्हणजे एका कपासाठी लिटरभर उकळवून उरलेलं ओतून देणं ही खरी उधळपट्टी, पण बऱ्याच केटल्यांची खालची खूणच अर्ध्या लिटरची असते. घेताना २०० किंवा २५० मिलीची खूण असलेली बघा.

केटलीत दूध घालू नका. तळाला करपतं, फेस वर येऊन झाकणातून बाहेर. इंडक्शनवाल्यांनो, पातेलंवालींनी सांगितलेलं १० सेंटिमीटरचं भांडं पुष्कळ शेगड्यांना ‘दिसत’च नाही, तळ साधारण १२ सेंटिमीटरचा हवा.

पातेलंवाली
@उजळाईवाडी, दादा, बरोबर. मी गॅसचं लिहिलं होतं.

मंगळवार पेठ
पूड कांदा-लसूण चटणीच्या फडताळात ठेवू नका. चहा वास ओढतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, पावसाळ्यात आठवड्यापुरतीच बाहेर, बाकी बंद.

रंकाळवेस
एक राहिलं. पाहुणे आठ, त्यात तिघे बिनदुधाचे, दोघे बिनसाखरेचे. आणि एक जण अर्ध्या तासानं येणार. काय करावं?

शाहूपुरी पाचवी गल्ली
कोरा अर्क दुप्पट कडक करा. ८०० मिलीला ३० ग्रॅम सीटीसी, तीन मिनिटं, गाळून तापवलेल्या थर्मासमध्ये. बिनदुधाच्या कपात निम्मा अर्क, निम्मं उकळतं पाणी. दुधाच्या कपात एक भाग अर्क आणि एक भाग दूध, दूध दाट असेल तर त्यात थोडं पाणी. साखर, गूळ ज्याच्या त्याच्या कपात. दुधाचा तयार चहा थर्मासमध्ये भरू नका, तासाभरात चव जाते आणि रबराच्या वायसरला दुधाचा वास बसतो तो निघत नाही.

कोरा बिनसाखरेचा
बिनदुधाच्या तिघांना सीटीसीचा अर्क पाजू नका हो. त्यांच्यासाठी छोटी ४५० मिलीची किटली, ६ ग्रॅम पान. अर्ध्या तासानं येणाऱ्याला तेच पान परत, दुसरं पाणी उकळतं आणि वेळ दीड मिनिट जास्त. पान मधल्या वेळात टोपलीतच, झाकण उघडं ठेवून. बंद किटलीत ओलं पान वाफेवर शिजत राहतं.

यष्टीस्टँड
आणि त्यो उशिरा आलेला म्हणंल, दूध घालूनच दे.

शाहूपुरी पाचवी गल्ली
म्हणून थर्मासमध्ये २०० मिली राखून ठेवायचा.