चर्चा : सिनेटची खुर्ची सोडून गव्हर्नर व्हायला का धावतात?

परदेशी_पाहुणा (धागाकर्ता)

अमेरिकेची सिनेट म्हणजे अख्ख्या देशातून निवडलेली शंभर माणसं. सहा वर्षं निर्धास्त, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापासून परराष्ट्र करारापर्यंत सगळ्यात मत. तरी तिथून उठून काही जण राज्याचं गव्हर्नरपद मागायला निघालेत. कोलोरॅडोचे मायकल बेनेट, अलाबामाचे टॉमी ट्युबरव्हिल, टेनेसीच्या मार्शा ब्लॅकबर्न. तिघांनीही २०२५ मध्ये घोषणा केली, तिघांचाही डोळा २०२६ वर.

घोळ नको म्हणून सांगतो, हा गव्हर्नर म्हणजे आपला राजभवनातला राज्यपाल नव्हे. हा थेट लोकांनी निवडलेला. खाती, अंदाजपत्रक, नकाराधिकार सगळं याच्या हातात. मुख्यमंत्रीच म्हणा, फक्त सभागृहातलं बहुमत गेलं म्हणून याची खुर्ची जात नाही.

माझं मत सरळ आहे. ही पळवाट आहे. पक्ष अल्पमतात गेला, वॉशिंग्टनमध्ये कुणी विचारेना, की यांना एकदम गावची ओढ लागते.

रेवती_क

अहो, तिघांपैकी बेनेट तेवढे डेमोक्रॅट, बाकी दोघे रिपब्लिकन आहेत! सिनेटही त्यांची, राष्ट्राध्यक्षही त्यांचा. मग ते कशापासून पळतायत?

डेन्व्हरकर

मी बेनेटच्याच राज्यात राहतो, म्हणून जरा लांबण लावतो.

लहान मुलांमागे पालकांना मिळणारी करसवलत वाढवा, हे हा माणूस कित्येक वर्षं सांगत होता. २०२१ मध्ये ते झालं. आमचा धाकटा तेव्हा चार वर्षांचा. जुलैपासून दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास ३०० डॉलर खात्यात यायचे. पाळणाघराचं बिल भरताना तेवढाच हात हलका. डिसेंबरचा हप्ता आला आणि संपलं. योजना एका वर्षाचीच होती, ती पुढे चालवायला सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सचं एकूण एक मत लागणार होतं. तेव्हा सभागृह ५०-५० होतं, आणि त्यांच्याच पक्षाचे वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन नाही म्हणाले. खेळ खल्लास.

एरवी तर बहुतेक कायद्यांना चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात, आणि ती थांबल्याशिवाय मतदानच होत नाही. सतरा-अठरा वर्षं असं काढलेल्या माणसाला वाटलं की आता जिथे आपली सही चालते तिथे जाऊ, तर त्याला पळपुटा कसं म्हणता?

आडकित्ता

डेन्व्हरकर, तुमच्या धाकट्याचे ३०० डॉलर खरे, पण तुम्ही बाकीचा हिशेब मांडलाच नाही.

बेनेटची सिनेटची मुदत जानेवारी २०२९ पर्यंत आहे. गव्हर्नरकीला पडले तरी सोमवारी परत आपल्या जागेवर. ब्लॅकबर्नबाई तर २०२४ मध्येच पुन्हा निवडून आल्यात, म्हणजे २०३१ पर्यंत निश्चिंत. याला धाडस म्हणतात होय? एक पाय नावेत, एक धक्क्यावर.

आणि निवडून आले तर रिकाम्या जागेवर कोण बसणार? कोलोरॅडोत ते गव्हर्नर ठरवतो. म्हणजे बेनेट स्वतःचा वारस स्वतःच नेमणार. गंमत अशी की हे गृहस्थ २००९ मध्ये सिनेटमध्ये आले तेही असेच. केन सालाझार मंत्री झाले, जागा मोकळी झाली, आणि गव्हर्नर बिल रिटर यांनी डेन्व्हरच्या शाळांचे अधीक्षक असलेल्या बेनेटना उचलून तिथे बसवलं. त्याआधी ते एकही निवडणूक लढले नव्हते.

रेवती_क

एकटा सिनेटर हतबल असतो, हे मला पटत नाही. ट्युबरव्हिल यांचंच बघा. लष्करातल्या वरच्या बढत्यांना सिनेटची मंजुरी लागते, आणि २०२३ मध्ये त्यांनी एकट्याने चारशेहून जास्त अधिकाऱ्यांच्या बढत्या जवळजवळ दहा महिने अडवून धरल्या. राग होता गर्भपाताबाबतच्या संरक्षण खात्याच्या धोरणावर. एवढी ताकद कुठल्या गव्हर्नरकडे आहे?

डेन्व्हरकर

रेवतीताई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. सिनेटमध्ये एकट्याला अडवता येतं, घडवता येत नाही. शेवटी डिसेंबरात ट्युबरव्हिलनी माघार घेतलीच, धोरण तिथल्या तिथे. बरं, त्यांची स्वतःची मुदत जानेवारी २०२७ मध्येच संपते आणि त्या जागेची निवडणूकही २०२६ मध्येच, म्हणजे ते जागा सोडूनच उतरलेत. आडकित्ता, निदान त्यांना तरी नाववाले म्हणू नका.

आडकित्ता

त्यांना नाही म्हणत. त्यांच्याबाबत वाद वेगळाच आहे. अलाबामाच्या गव्हर्नरला राज्यात सात वर्षांचं वास्तव्य लागतं आणि विरोधक त्यांचं फ्लोरिडातलं समुद्रकाठचं घर दाखवतायत :)

जुना_खोड

पूर्वीचे दाखले बघा, मग ठरवा.

कॅलिफोर्नियाचे पीट विल्सन १९९० मध्ये सिनेटमधून गव्हर्नर झाले. हरवलं कुणाला, तर डायॅन फाइनस्टाइन यांना. आपल्या जागी त्यांनी जॉन सेमोर यांना नेमलं. दोनच वर्षांत त्याच फाइनस्टाइनबाईंनी सेमोरना पाडून ती जागा घेतली आणि २०२३ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही.

अलास्काचे फ्रँक मर्कोवस्की २००२ मध्ये गव्हर्नर झाले आणि सिनेटवर नेमली चक्क स्वतःची मुलगी. २००६ मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच ते तिसरे आले, सारा पेलिन जिंकल्या. मुलगी लिसा मात्र आजही सिनेटमध्ये आहे. घराणेशाही फक्त आपल्याकडेच असते असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

कॅन्सासचे सॅम ब्राउनबॅक तर खरंच काही करून दाखवायला गेले होते. २०१२ मध्ये प्राप्तिकर धडाधड कापला. तिजोरीला भोक पडलं, शाळांचे पैसे आटले, आणि २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार मोडून कर परत वाढवले. सिनेटमध्ये शंभरातला एक असताना चूक झाकली जाते हो. गव्हर्नरची चूक गावातल्या शाळेत दिसते.

परदेशी_पाहुणा

रेवतीताईंचा मुद्दा मान्य, ‘अल्पमत’ हे कारण सगळ्यांना लागू नाही. पण मॅन्चिन यांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. ते आधी गव्हर्नर होते, तेच काम जास्त आवडायचं असं बोलूनही दाखवायचे. २०२० साठी परत जायचा विचार केला आणि अखेर सिनेटमध्येच थांबले. थांबले म्हणून तर २०२१ मध्ये एका ‘नाही’ला एवढी किंमत आली. मग घडवण्याची ताकद नक्की कुठे?

आणि डेन्व्हरकर, तुमच्याकडे गव्हर्नरची सही म्हणता तेवढी चालते का?

डेन्व्हरकर

खोटं कशाला बोलू, पूर्ण नाही चालत. १९९२ पासून आमच्या राज्यघटनेत ‘टेबॉर’ नावाचं कलम आहे. कर वाढवायचा तर लोकांना विचारावं लागतं, आणि मर्यादेपेक्षा जास्त जमलेला पैसा परत वाटावा लागतो. २०२२ मध्ये माणशी ७५० डॉलरचा धनादेश टपालाने घरी आला होता. बायको म्हणाली, यापेक्षा रस्त्यावरचे खड्डे बुजवा. पण ते गव्हर्नरच्या हातात नव्हतं.

तरी शाळा, पाणी, घरांच्या किमती या गोष्टी इथेच ठरतात. बाकी आमचे दुसरे सिनेटर हिकनलूपर आधी आठ वर्षं गव्हर्नर होते, बेनेट एके काळी त्यांच्याच महापौर कार्यालयात कामाला. एक इकडून तिकडे गेला, दुसरा तिकडून इकडे यायला बघतोय.

आडकित्ता

मग मत कुणाला?

डेन्व्हरकर

मी कुठल्याच पक्षाचा नाही. आमच्याकडे अशांना प्राथमिक फेरीत दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका टपालाने येतात. एकच भरून पाठवायची, दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद. मागच्या खेपेला दोन्ही आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडून होत्या, एकीवर आमटी सांडली. सांडली नव्हती ती पाठवली.