घटस्फोटित पतीचं निधन: पीएफ-पेन्शनमध्ये मुलांचा हक्क कसा मागायचा? (बडोदा)

प्रश्न: बहिणीचा घटस्फोट बडोद्याच्या कौटुंबिक न्यायालयात झालाय. मुलगी 14 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा, दोघं तिच्याकडे. त्यांचे वडील मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरीत असतानाच वारले. त्यांनी दुसरं लग्न केलं नव्हतं, त्यांची आई, म्हणजे मुलांची आजी, त्यांच्यावर अवलंबून होती. पीएफच्या जुन्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून अजून बहिणीचंच नाव आहे. आजी म्हणतात, सगळं माझं. अर्ज कोणी करायचा?

उत्तर 1: ताईंच्या नावाचं नॉमिनेशन धरून बसू नका. घटस्फोटानंतर त्या पीएफच्या व्याख्येतल्या कुटुंबात येत नाहीत, त्यामुळे त्यांना विधवा पेन्शनही नाही. मुलांचा हक्क मात्र पूर्ण शाबूत आहे. एकदा निकालपत्र नीट वाचा: न्यायालयाने नुसता ‘न्यायिक विभक्तपणा’ दिला असेल तर लग्न टिकून आहे आणि ताई पत्नीच ठरतात.

वैध नॉमिनेशन नसलं की पीएफचे समान वाटे पडतात. इथे आजी आणि दोन अज्ञान (18 वर्षांखालची) मुलं, म्हणजे तीन वाटे. पीएफसोबतच्या विम्याची रक्कमही (ईडीएलआय, जास्तीत जास्त 7 लाख) याच तिघांत. आजींचा वाटा खरा आहे, पण तो एक तृतीयांश.

उत्तर 2: पेन्शनचा हिशोब वेगळा, त्यात आजी येत नाहीत. विधवा असती तर मुलांना तिच्या पेन्शनच्या 25-25 टक्के मिळाले असते. इथे विधवा नाही, म्हणून अनाथ पेन्शन: प्रत्येकी 75 टक्के, किमान 750 रुपये महिना, वयाच्या 25 पर्यंत. विधवा पेन्शन 4,000 बसत असेल तर प्रत्येक मुलाला 3,000. आई हयात असताना ‘अनाथ’ शब्द बघून काहीजण अर्जच करत नाहीत. कृपा करून तसं करू नका, नियम विधवा आहे की नाही एवढंच बघतो. पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, उशीर झाला तरी थकबाकी मिळते.

फॉर्म: पीएफसाठी 20, विम्यासाठी 5 आयएफ, पेन्शनसाठी 10 डी. मृत्यूदाव्याचा एकत्रित फॉर्मही आहे. मुलांतर्फे ताईंनी पालक म्हणून सही करायची.

उत्तर 3: अडतं ते नावावर. गुजरातेत शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पीएफमध्ये तिसरंच. आधी मुलांचे जन्मदाखले, आधार आणि वडिलांचा मृत्यूदाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, दुरुस्ती अर्जाआधी करून घ्या. निकालपत्राची न्यायालयाकडून मिळणारी प्रमाणित प्रत लावा, साधी झेरॉक्स नको.

दोन्ही मुलांच्या नावे स्वतंत्र बँक खाती उघडा. पीएफ संघटनेच्या (ईपीएफओ) ऑगस्ट 2025 च्या परिपत्रकानुसार रक्कम थेट अज्ञान मुलाच्या खात्यात जाणार असेल तर न्यायालयाचं पालकत्व प्रमाणपत्र मागत नाहीत. ताईंच्या खात्यावर मागितलीत तर तोच कागद आडवा येऊ शकतो.

आणि कंपनीकडून नोकरी संपल्याची तारीख व कारण ‘मृत्यू’ असं पीएफच्या पोर्टलवर भरून घ्या. नुसतं ‘नोकरी सोडली’ लिहिलं तर विम्याचा दावा अडकतो. ग्रॅच्युइटी कंपनीकडेच मागायची. मृत्यू झाला असेल तर पाच वर्षांची अट नाही.