मदत हवी आहे: एल्क हेअर कॅडिसचा पंख पलीकडे घसरतो

हिमाचलच्या तीर्थन नदीतल्या ब्राउन ट्राउटसाठी १४ नंबरच्या गळावर ही नकली माशी (मासे पकडायचं आमिष, पंख एल्कच्या केसांचा) बांधतोय. अंग, हॅकल (अंगाभोवती गुंडाळलेलं पीस) ठीक जमतं. पंख मात्र दोरा आवळताना गळाच्या दांडीवरून पलीकडे फिरतो. केसांतली मऊ लव विंचरून काढलेली, टोकं स्टॅकरमध्ये (केस ठोकून सारखे करायची नळी) जुळवलेली, खाली दोऱ्याचा पाया आहे. आधी दोन सैल वेढे, मग आवळतो. दोरा ७० डेनियरचा (डेनियर म्हणजे जाडीचं माप), जास्त ताणला की तुटतो. १४० घेतला तर माशीचं डोकं बोजड होऊन गळाचा डोळा (दोरी ओवायचं भोक) बुजेल ना? केसांची जुडी काडेपेटीच्या काडीएवढी, ती जाड होतेय का? की पुढचे वेढे केसांच्या बुडख्याकडच्या टोकांमधूनच घ्यावेत? हरणाचे केस सुचवू नका, ते फार फुलारतात.