नाशिकमध्ये कला आणि नागरी प्रश्नांचे साप्ताहिक चालू शकेल का?

गोदाकाठचा वाचक (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात परशुराम साईखेडकर नाट्यगृहात एका हौशी संस्थेचा प्रयोग झाला. तो होता हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातील छायाचित्राखालच्या ओळींवरून कळले. दीपप्रज्वलन कोणी केले आणि व्यासपीठावर कोण कोण होते, याची नावे त्यात पूर्ण होती; नाटक कसे झाले, याबद्दल मात्र एक शब्दही नव्हता. महापालिकेच्या बातम्यांचीही हीच गत आहे. ठराव मंजूर झाल्याचे छापून येते, पण त्या कामाचे सहा महिन्यांनी काय झाले, हे वाचकाला स्वतः जाऊन पाहावे लागते.

अमेरिकेतील शहरांत दैनिकांनी सोडलेली ही जागा साप्ताहिकांनी भरून काढली होती, असे वाचनात आले. न्यूयॉर्कचे ‘व्हिलेज व्हॉइस’ १९५५ मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याने मुख्य प्रवाहाबाहेरील रंगभूमीसाठी ‘ओबी’ पुरस्कार सुरू केले. असे साप्ताहिक नाशिकमध्ये काढायचे झाल्यास ते कशाच्या बळावर चालेल? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना वर्गणीदार

आपण ज्या साप्ताहिकांविषयी वाचले, ती लेखनाच्या बळावर नावारूपाला आली, पण चालली ती छोट्या जाहिरातींवर. भाड्याची खोली, जुनी गिटार, वादकाच्या शोधात असलेला बँड, कोपऱ्यावरचे उपाहारगृह, अशा शेकडो जाहिरातींचे पैसे एकत्र येत. त्यामुळे १९७१ मध्ये निघालेले ‘शिकागो रीडर’ पहिल्यापासून फुकट वाटता आले. ‘व्हिलेज व्हॉइस’ विकत मिळत असे, पण १९९६ मध्ये मॅनहॅटनमध्ये तेही फुकट झाले. पुढे खोली आणि नोकरी शोधणारा माणूस इंटरनेटवर गेला आणि या अंकांच्या पायाखालची जमीनच सरकली. ‘बोस्टन फीनिक्स’ २०१३ मध्ये बंद पडले, तर ‘व्हॉइस’चा छापील अंक २०१७ मध्ये थांबला. (२०२१ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले, हेही नोंदवले पाहिजे.) म्हणून त्यांचे लेखन जरूर डोळ्यांसमोर ठेवावे; हिशेब मात्र आपला स्वतंत्र मांडावा.

आपल्याकडची रीत वेगळी होती. ‘माणूस’ किंवा ‘साधना’ यांसारखी साप्ताहिके वर्गणीदारांच्या जिव्हाळ्यावर आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर उभी राहिली. मी स्वतः काही मित्रांसह नाशिकरोडहून एक चारपानी पाक्षिक वर्षभर चालवले होते. कागद आणि छपाईचा खर्च आम्ही कसाबसा भागवत होतो; पण वाढदिवसाच्या शुभेच्छांची पानभर जाहिरात देणाऱ्या एका स्थानिक पुढाऱ्याच्या प्रभागातील गटाराविषयी आम्ही लिहिले आणि ती जाहिरात बंद झाली. पुढचे दोन अंक आम्ही पदरमोड करून काढले. एकाच मोठ्या जाहिरातदारावर विसंबून राहण्यापेक्षा तीनशे लहान वर्गणीदार बरे, हे मला तेव्हा कळले.

रंगमंचामागे

मी या शहरात बरीच वर्षे प्रकाशयोजना करतो, म्हणून एक अडचण सांगतो. समीक्षक हवा असे सगळे म्हणतात, पण नाशिकची नाट्यसृष्टी इतकी लहान आहे, की समीक्षक आणि दिग्दर्शक मध्यंतरात एकाच टपरीवर चहा पितात. ‘दुसरा अंक रेंगाळला’ एवढे लिहिले तरी वर्षभराचा अबोला धरला जातो. त्यामुळे जे छापून येते ते कौतुकच असते आणि वाचकही ते कौतुक म्हणूनच वाचतात.

शिवाय राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत प्रत्येक नाटकाचा एकच प्रयोग होतो, आणि पुष्कळदा तो शेवटचाही ठरतो. परीक्षण आठवड्याने आले, तर त्याने तिकीटविक्रीला काहीच मदत होणार नाही. तरीही ते यावे असे मला वाटते, कारण त्या नाटकाची दुसरी नोंदच उरत नाही. निकालपत्रात क्रमांक मिळतात, पण नेपथ्यात काय सुचले होते आणि कोणत्या नवख्या मुलीने प्रवेश सावरून नेला, हे दहा वर्षांनी कोणालाही सांगता येत नाही. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके महाकवी कालिदास कलामंदिरात येतात, त्यांच्या जाहिराती दिसतातच. त्यांच्यासाठी वेगळ्या अंकाची गरज नाही. अंक काढायचाच असेल, तर तो ज्यांची जाहिरात परवडत नाही त्यांच्यासाठी काढावा.

पंचवटीकर

नागरी बातम्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे होता. या काळात महासभेतील वादावादी थांबली, आणि पत्रकाराची अर्धी शिदोरीही तिच्याबरोबर गेली, कारण विरोधी सदस्याच्या भाषणातून जे बाहेर येत असे ते प्रसिद्धिपत्रकातून येत नाही. अशा वेळी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिणारा, अंदाजपत्रक वाचता येणारा एक जरी माणूस साप्ताहिकाकडे असला, तरी पुष्कळ काम होईल. पश्चिम, पूर्व, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर असे सहा विभाग आहेत. प्रत्येक अंकात एका विभागातील एका जुन्या ठरावाचा माग घेतला, तर दीड महिन्यात शहराची एक फेरी पूर्ण होते.

कला आणि नागरी प्रश्न ही दोन वेगळी पाने असावीत, हे मात्र मला मान्य नाही. जुन्या नाशकातील रहाडींचे, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरायच्या जुन्या दगडी हौदांचेच घ्या. रंगपंचमीला त्या उघडतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र उड्या मारणाऱ्या तरुणांची छायाचित्रे झळकतात. पण उरलेले वर्षभर त्या रस्त्याखाली झाकलेल्या असतात. तो रस्ता खोदण्याचा आदेश निघतो तेव्हा नकाशावर रहाडीची खूण असते का, तिच्या काठाच्या दगडी बांधकामाकडे कोण पाहते, ठेकेदाराला त्याची कल्पना कोण देते? हा प्रश्न संस्कृतीचाही आहे आणि बांधकाम विभागाचाही. दैनिकाच्या बातमीदाराला त्यासाठी चार दिवस मिळत नाहीत. साप्ताहिकाला ते मिळू शकतात.

नोंदणीविषयी : प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला असून १८६७ चा जुना कायदा रद्द झाला आहे. शीर्षकासाठी आणि नोंदणीसाठी आता एकाच वेळी ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यामुळे कागदोपत्री अडचण पूर्वीइतकी मोठी नाही.

गोदाकाठचा वाचक

सर्वांचे आभार. चर्चा वाचून माझा विचार बराच बदलला. छापील साप्ताहिकापेक्षा आधी दर गुरुवारी फोनवर जाणारे दोन पानांचे पत्रक करून पाहावे, असे वाटते. त्यात पुढील आठवड्याचे कार्यक्रम, झालेल्या एका प्रयोगाचे परीक्षण आणि एका ठरावाचा पाठपुरावा, एवढेच असावे. ‘रंगमंचामागे’ यांना एक विचारायचे आहे : परीक्षण टोपणनावाने छापले तर चालेल का?

रंगमंचामागे

टोपणनाव आठ दिवसांत फुटेल. परीक्षण खऱ्या नावानेच छापावे आणि शेजारी दिग्दर्शकाच्या उत्तरासाठी जागा राखून ठेवावी. पहिली शिवी माझ्याच प्रयोगाला पडली तरी हरकत नाही. पुढच्या महिन्यात आमचा प्रयोग आहे.