सोफिया माल्दोनादो: वादापलीकडचं काम

चित्रकार सोफिया माल्दोनादोचं नाव निघालं की 'न्यूयॉर्कमधलं ते वादग्रस्त भित्तिचित्र' एवढंच बोललं जातं, म्हणून थोडी भर घालतो.

तिचा जन्म १९८४ चा, पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या सान हुआनचा, आई क्यूबन. चित्रकलेचं शिक्षण आधी तिथेच आणि पुढे न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये झालं. स्केटबोर्डिंग आणि ग्राफिटीचं जग तिच्या चित्रांत पहिल्यापासून आहे.

२०१० साली टाइम्स स्क्वेअरजवळ ४२व्या रस्त्यावर तिनं ठसठशीत नखांच्या, तंग कपड्यांतल्या, बिनधास्त कृष्णवर्णीय आणि लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) बायका रंगवल्या. आमच्या बायकांना हलकं दाखवलं, असा संताप उसळला. तो त्याच समाजांतून आला होता, त्यामुळे झटकून टाकावा असा नाही. तरी मी सोफियाच्याच बाजूनं आहे. कॅरिबियन वस्त्यांमध्ये या बायका खरोखर दिसतात. त्यांना भिंतीवर यायचं तर आधी सोज्वळ व्हायला हवं, हा आग्रह मला जास्त अपमानकारक वाटतो.

पण खरी झेप पुढची. पोर्तो रिकोतल्या काग्वासमध्ये तिनं तंबाखू उद्योगाची ओस पडलेली इमारत रंगवायला घेतली. इथे माणसं नाहीत, नुसते रंगांचे मोठे अमूर्त आकार, आणि पडीक वास्तूच चित्राचा भाग होते. बेट कर्जात बुडत असताना बंद जागा पुन्हा लोकांच्या नजरेत आणणं, हे मला ४२व्या रस्त्यापेक्षा कितीतरी धाडसाचं वाटतं. तिच्याबद्दल मत बनवण्याआधी काग्वासचे फोटो जरूर बघा.